जीवरासायनिक अभियांत्रिकी : गोव्यातील संशोधनविषय

सूक्ष्मजीव, त्यांची एंझाइमे किंवा वनस्पती व प्राण्यांच्या कोशिका वापरून पदार्थ मोठ्या प्रमाणावर तयार करणे आणि ते मिश्रणातून शुद्ध स्वरूपात वेगळे काढणे, या कामाचे शास्त्र. रासायनिक अभियांत्रिकीची ही उपशाखा मानतात. विभागांच्या माहितीपत्रकांत अध्यापकांच्या नावांपुढे किण्वन, एंझाइम तंत्र, पटल पृथक्करण, सांडपाण्यावरील प्रक्रिया, प्रक्रिया नियंत्रण असे विषय सुटे सुटे दिलेले असतात. त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी प्रश्न दोनच : विक्रिया किती वेगाने घडते, आणि पदार्थ एका प्रावस्थेतून (वायू, द्रव, घन यांपैकी एकीतून) दुसरीत किती वेगाने जातो.

उगम : रासायनिक अभियांत्रिकीचा आरंभ इंग्लिश रसायनतज्ज्ञ जॉर्ज डेव्हिस यांच्या मँचेस्टरमधील व्याख्यानांपासून (१८८७) धरायचा की अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेतील १८८८ च्या स्वतंत्र अभ्यासक्रमापासून, याविषयी मतभेद आहेत. ‘एकक क्रिया’, म्हणजे कोणत्याही कारखान्याचे काम ऊर्ध्वपातन, गाळणे अशा समान पायऱ्यांत विभागणे, ही संकल्पना अमेरिकन रसायनतज्ज्ञ आर्थर लिटल यांनी १९१५ मध्ये मांडली, पण तिचे बीज डेव्हिस यांच्या व्याख्यानांत दिसते. त्यामुळे पहिले मत अधिक पटण्याजोगे आहे. जीवरासायनिक शाखेचा उगमही असाच वादाचा. काही जण पहिल्या महायुद्धातील रसायनतज्ज्ञ वाइझमान यांच्या ॲसिटोन किण्वनाला हा मान देतात. त्यात जंतुविरहित बंद टाक्या वापरल्या गेल्या, हे खरे. मात्र त्या जीवाणूंना हवा लागत नव्हती, आणि हवा पुरवणे हाच पुढे या शाखेचा गाभा ठरला. म्हणून १९४० नंतरच्या दशकातील पेनिसिलिनच्या खोल टाक्यांपासून, आणि विशेषतः कोलंबिया विद्यापीठातील एल्मर गेडन यांच्या ऑक्सिजनविषयक प्रबंधापासून (१९४९) आरंभ मानणे योग्य वाटते.

२५° से. तापमानाला, हवेच्या संपर्कात असलेल्या एक लिटर पाण्यात जेमतेम ८ मिग्रॅ. ऑक्सिजन विरघळतो. वाढीच्या जोमात असलेली बुरशी तो काही क्षणांत संपवते. त्यामुळे बुडबुडे किती बारीक करायचे, पंखा किती वेगाने फिरवायचा आणि त्यात कोशिका फाटणार नाहीत ना, यावर सारे अवलंबून असते. टाकीची लांबी, रुंदी व उंची दुप्पट केली की आकारमान आठपट होते, पण भिंतींचे क्षेत्रफळ चौपटच वाढते. प्रयोगशाळेतल्या चंबूत सहज निघून जाणारी उष्णता कारखान्यातल्या टाकीत साचून राहते ती यामुळे. वाढीचा वेग व अन्नद्रव्याची संहती (द्रवातील प्रमाण) यांचा संबंध फ्रेंच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मोनो यांच्या समीकरणाने सांगतात. त्याचे रूप एंझाइमांसाठी १९१३ मध्ये मांडलेल्या मिकाएलिस-मेंटेन समीकरणासारखेच आहे, मात्र ते निरीक्षणांवरून बसवलेले आहे.

फेणी (काजूच्या बोंडांपासून काढलेले मद्य) : गोव्यात या शास्त्राचे जुने उदाहरण काजूच्या भट्टीवर सापडते. काजू मूळचा ब्राझीलचा, तो पोर्तुगीजांबरोबर आला. गोव्यात तो नेमका केव्हा रुजला हे ठरवताना जपून बोलावे लागते. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांच्या गोव्यात छापलेल्या ग्रंथात (१५६३) काजू आढळत नाही, असे अभ्यासक दाखवून देतात. माडाच्या सुरेपासून काढलेल्या ‘ओर्राका’चा उल्लेख मात्र त्यात आहे. म्हणजे भट्टीची विद्या येथे काजूच्या मद्याआधी होती, असे मानणे सयुक्तिक ठरते. काजूच्या पहिल्या वाफेच्या मद्याचे ‘उर्राक’ हे नावही त्याच कुळातला, मूळ अरबी अरक. ‘फेणी’ची व्युत्पत्ती सामान्यतः ‘फेन’, म्हणजे फेस, या शब्दाशी जोडतात. काजू फेणीला भौगोलिक मानांकन २००९ मध्ये मिळाले.

बोंडांच्या रसात वेगळे यीस्ट घालत नाहीत. सालीवरचे व भांड्यातले यीस्टच काम करते, आणि फेस बसला की रस भाणात (भट्टीच्या भांड्यात) चढवतात. सांधे कापड व मातीने लिंपतात. बाहेरच्या मडक्यावर कोणी गार पाणी ओतत बसतो, आणि आतली वाफ त्या थंडाव्याने थेंब होऊन उतरते. हा त्या भट्टीचा संघनक, म्हणजे वाफेचा द्रव करणारा भाग. पहिल्या वाफेचे ते उर्राक, त्यात मद्यार्क साधारण १५ टक्के. त्यात पुन्हा रस मिसळून दुसऱ्यांदा काढले की फेणी, ४२ टक्क्यांच्या आसपास. कारखान्यातील ऊर्ध्वपातन स्तंभात ज्या पायऱ्या अनेक तबकांवर एकावर एक रचलेल्या असतात, त्या येथे एकाच भाणात दोन फेऱ्यांत होतात. स्तंभ अधिक शुद्ध मद्यार्क देतो, परंतु वास देणारी एस्टर नावाची संयुगे त्यात दूर होतात. भट्टीचे तंत्र मागासलेले म्हणून बाजूला टाकू नये ते याच कारणासाठी.

मिठागरे व समुद्र : रायबंदर, आगरवाडा येथील आगरांत (मिठागरांत) उन्हाळ्यात पाणी आटत संपृक्त होते आणि गुलाबी छटा धरते. हा रंग लवणप्रिय आर्किया या जीवाणूंसारख्या एककोशिक जीवांच्या रंगद्रव्यांचा. गोवा विद्यापीठात (स्थापना १९८५) यांवर काम झाले आहे. अभियंत्याला त्यांचे दोन गुण मोलाचे वाटतात : इतक्या खारटपणात इतर जंतू टिकत नाहीत, त्यामुळे निर्जंतुकीकरणाचा खर्च घटतो, आणि साध्या पाण्यात टाकताच कोशिका फुटतात, त्यामुळे आत साठलेले जैव प्लास्टिक बाहेर काढणे सोपे जाते. पोलादी टाक्या गंजणे ही अडचण तेवढीच मोठी. दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत (१९६६) खारफुटीतील बुरशांकडून कापड रंगाईच्या सांडपाण्याचा रंग घालवण्याचे प्रयोग झाले. हे सांडपाणी मुळातच खारट असल्याने जमिनीवरच्या बुरशीपेक्षा समुद्री बुरशी तेथे उपयोगी पडते.

अध्यापन : रासायनिक अभियांत्रिकी झुआरीनगर येथील बिट्स (बिर्ला तंत्र व विज्ञान संस्था) हिच्या परिसरात (२००४) शिकवतात. जुन्या पिढीतील गोमंतकीय विद्यार्थ्यांना या विषयासाठी मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाकडे (१९३३) किंवा इतर राज्यांतील संस्थांकडे जावे लागे.