अंड्यांचे खोके (परसातील कोंबडीपालन)

खुराड्यात कोंबड्यांना अंडी घालता यावीत म्हणून केलेली अंधारी, कोरडी, तीन बाजूंनी बंद जागा. कुक्कुटपालनाच्या धंद्यात तिला ‘नेस्ट बॉक्स’ म्हणतात. खेड्यात वेगळे नाव फारसे लागत नाही. बुरडाकडची जुनी पाटी, कान तुटलेले मडके, भिंतीतला खालचा कोनाडा यांवर आजवर भागत आले आहे. पाच-दहा कोंबड्यांसाठी सुताराला बोलवायची गरज आजही पडत नाही. खोके कशाचे आहे याला कोंबडीच्या लेखी काही किंमत नसते. उजेड किती, ओल किती आणि पाठीमागून कोणी येईल का, एवढेच ती पाहते.

अंडे घालायच्या सुमारे तासभर आधी कोंबडी बेचैन होते. कळपातून बाजूला येते, कोपऱ्याकोपऱ्यात मान घालून बघते, बसते, उठते, पुन्हा दुसरीकडे जाते. पाळीव कोंबडीची पूर्वज असलेली लाल रानकोंबडी झुडपाखाली जमीन उकरून तिथे अंडी घालते. ती खोड पाळीव कोंबडीत उतरली आहे. खोके नसेल तर ती सरपणाच्या राशीमागे, गव्हाणीत किंवा कुंपणाच्या निवडुंगाखाली जागा शोधते आणि काही दिवसांनी तिथे सात-आठ अंडी सापडतात, तीही मुंगसाने ठेवली तर. बाहेर येताना अंडे ओलसर असते. थोड्याच वेळात ते वाळते आणि कवचावर पातळ संरक्षक थर बसतो. या ओल्या क्षणी ते ज्यावर पडते त्याची घाण त्याला चिकटते. म्हणून खोक्यावर करायचा खर्च आधी आतल्या अंथरुणावर करावा.

मापे व जागा : देशी कोंबडीला लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी ३० सेंमी, म्हणजे फूटभर, पुरते. गिरिराज, वनराज अशा अंगाने भरलेल्या जातींना ३५ सेंमी द्यावे. फार ऐसपैस खोके उलट गैरसोयीचे, कारण दोघी एकदम शिरतात आणि अंडी तुडवली जातात. चार-पाच कोंबड्यांमागे एक खोके हा सर्वसाधारण हिशेब आहे. प्रत्यक्षात दोन खोकी रिकामी असताना तिसऱ्यापुढे रांग लागलेली दिसते. त्यावर काही इलाज नाही. खोके जमिनीपासून दीड ते दोन फूट उंच असावे, पण रात्री बसायच्या दांडीपेक्षा खालीच. कोंबड्या झोपायला सर्वांत उंच जागा धरतात. खोके वर आणि दांडी खाली असली की त्या खोक्यातच झोपतात आणि सकाळी अंडी विष्ठेत लोळतात. याच कारणाने खोक्याचे छप्पर तिरके ठेवतात, म्हणजे वर बसता येत नाही. तोंडाशी चार बोटे उंचीची आडवी पट्टी ठोकली की भुसा आणि अंडी बाहेर येत नाहीत. उडी मारून चढण्यासाठी पुढे एक काठी बांधावी.

साहित्य : सर्वांत सोपा माल म्हणजे भाजीबाजारातला प्लास्टिकचा क्रेट. नेहमीचा टोमॅटोचा क्रेट साधारण ५४ सेंमी लांब, ३६ रुंद आणि २९ उंच असतो. तो लांब बाजूवर आडवा करून मधोमध फळी उभी केली की लहान चणीच्या देशी कोंबड्यांसाठी दोन खण तयार होतात. जाड कोंबड्यांना हे खण अडचणीचे होतात. त्यांच्यासाठी फळी न घालता अख्खा क्रेट द्यावा. जाळीतून उजेड येतो म्हणून तिन्ही बाजूंना गोणपाट शिवावे आणि तोंडावरही अर्ध्यापर्यंत लोंबते सोडावे. या पडद्याने आत काळोख होतो, आणि काळोखात अंडी टोचून खायची सवय कमी लागते.

खाद्यतेलाचा १५ किलोचा चौकोनी डबा आडवा करूनही चालतो, पण त्याचे तोंड जेमतेम २३-२४ सेंमीचे असल्याने तो लहान चणीच्या कोंबड्यांपुरताच. कापलेली कड हातोडीने आत दुमडली नाही तर पायाला आणि तुऱ्याला जखमा होतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात पत्र्याचा डबा म्हणजे भट्टीच. तो भिंतीच्या सावलीला ठेवावा आणि वर ओले पोते टाकावे. आंब्याची लाकडी पेटी दिसायला उत्तम, मापालाही बरी. तिचे दुखणे सांध्यांत आहे. कोंबडीचे रक्त पिणारी लाल कीड दिवसा लाकडाच्या फटीत दडते आणि रात्री बाहेर पडते. पांढरी पट्टी फटीवरून ओढली आणि तांबडे डाग उमटले, तर कीड आहे असे समजावे. अशी पेटी रिकामी करून उन्हात टाकावी आणि फटींत चुना भरावा. क्रेट धुऊन वाळवला की काम संपते, आणि म्हणूनच तो पेटीपेक्षा सरस.

अंथरूण : कोकणात आणि मावळात भाताचे तूस किंवा पेंढा, इतरत्र लाकडाचा भुसा किंवा गव्हाचे काड, दोन-तीन इंच जाड. वखारीतला पिठासारखा बारीक भुसा टाळावा, तो श्वासात जातो. पावसाळ्यात पेंढ्याला बुरशी धरते आणि तिच्या बीजाणूंनी कोंबड्यांची फुप्फुसे बिघडतात. त्या चार महिन्यांत अंथरूण दर आठवड्याला बदलणे भाग आहे. कडुनिंबाचा किंवा निर्गुडीचा पाला खाली घालण्याची रीत जुनी आहे. मुंग्यांसाठी खोक्याचे पाय पाण्याच्या वाटीत ठेवतात.

तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, पहिल्यांदा अंड्यावर येतात तेव्हा त्यांना खोके कशासाठी आहे हे ठाऊक नसते. अंड्याच्या आकाराचा चुन्याचा किंवा लाकडाचा गोळा, नाहीतर टेबल टेनिसचा चेंडू आत ठेवला की त्या तिथे बसू लागतात. बहुतेक अंडी सकाळी पडतात, म्हणून दुपारपर्यंत एकदा आणि संध्याकाळी एकदा गोळा करावीत. अंडी साठत गेली की देशी कोंबडी खुडूक होते. खोके अडवून बसते, हात घातला की फुगून टोचते आणि अंडी द्यायचे थांबवते. पिल्ले हवी असतील तर तिला वेगळ्या पाटीत अंड्यांवर बसवून २१ दिवस निवांत सोडावे. नको असतील तर खाली तूस नसलेल्या, हवा खेळत्या जाळीच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस कोंडतात.

अंडी फोडून खाणारी कोंबडी निघाली तर तळ मागच्या बाजूला किंचित उतरता करून अंडे फटीतून मागच्या पन्हळीत घरंगळेल असे खोके करता येते. पण बरेचदा मूळ पातळ कवचात असते. मालवण-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर कालवांची-तिसऱ्यांची शिंपले फुकट मिळतात. ती भाजून, कुटून कवचाला लागणाऱ्या चुन्यासाठी वेगळ्या भांड्यात ठेवली की कोंबड्या लागेल तेवढी टिपतात.