अवकाशातले तोतये

जुलै २०००. कॅलिफोर्नियातल्या व्हॅन्डेनबर्ग तळावरून एक रॉकेट उडालं. त्यात अण्वस्त्राची नक्कल होती आणि सोबत घडी घातलेला एक फुगा. थोड्या वेळाने सुमारे ७,००० किलोमीटर दूर, प्रशांत महासागरातल्या क्वाजालीन प्रवाळद्वीपावरून ती नक्कल पाडण्यासाठी दुसरं रॉकेट निघालं. या एका चाचणीचा खर्च होता सुमारे १० कोटी डॉलर. दुसऱ्या रॉकेटच्या टोकावरचं ‘मारक यान’ रॉकेटपासून सुटंच झालं नाही, त्यामुळे टक्कर झाली नाही. आणि त्या दिवशी फुगाही नीट फुगला नाही.

न सुटलेलं यान पुढच्या खेपेस सुटू शकतं, तशी दुरुस्ती अभियंते करतात. पण अमेरिकेत गेली साठेक वर्षं चाललेला राष्ट्रीय क्षेपणास्त्र संरक्षणाचा वाद समजून घ्यायचा, तर माझ्या मते त्या फुग्यापासून सुरुवात करायला हवी.

आंतरखंडीय क्षेपणास्त्राचा प्रवास साधारण अर्ध्या तासाचा असतो. पहिली तीन ते पाच मिनिटं इंजिन जळतं. तेव्हा ते मोठं, तेजस्वी आणि उपग्रहांना सहज दिसणारं असतं. मग इंजिन विझतं आणि टोकावरचा बॉम्ब, म्हणजे स्फोटाग्र, एकटं पुढे निघतं. वेग सेकंदाला सुमारे ७ किलोमीटर, म्हणजे मुंबईहून पुणं वीस सेकंदांच्या आत. वीसेक मिनिटं ते वातावरणाच्या वर, निर्वात अवकाशात असतं. खाली हवेत शिरल्यावर जमिनीवर आदळेपर्यंत उरतो तो मिनिटभराचा खेळ. अमेरिकेचं सध्याचं कवच मधल्या वीस मिनिटांत काम करतं.

त्याची करामत खरोखर थक्क करणारी आहे. मारक यानाचं वजन सुमारे ६४ किलो. त्यात स्फोटकं नसतात. ते फक्त आडवं येऊन धडकतं. दोन्ही वस्तूंचा एकमेकींकडे येण्याचा वेग सेकंदाला १० किलोमीटर धरला, तर त्या ६४ किलोंची गतिज ऊर्जा पाऊण टन टीएनटीएवढी भरते. इतक्या वेगात काही फुटांच्या वस्तूला नेमकं गाठणं अशक्य आहे, असं एकेकाळी पुष्कळांना वाटे. ते शक्य आहे, हे चाचण्यांनी दाखवून दिलं आहे.

अडचण आहे ती कोणाला गाठायचं याची. १९७१ साली अपोलो १५ मोहिमेत डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून पीस एकाच वेळी सोडलं. दोन्ही एकदमच खाली पडली. हवा नसली की जड आणि हलकं हा भेद संपतो. अवकाशात हाच नियम बॉम्बवाल्याच्या कामी येतो. टनभराचं स्फोटाग्र आणि चकचकीत मायलरचा, म्हणजे पातळ प्लास्टिकचा फुगा एकाच वेगाने सोडले, तर दोघं एकाच मार्गाने, बरोबरीने जात राहतात. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला, तेव्हा ओळख पटवायला त्यांना जवळून पाहिलेली माणसं तरी होती. इथे मारक यानाला दुरून दिसतात ते अवरक्त किरणांत चमकणारे काही ठिपके.

बॉम्ब फुग्यापेक्षा गरम असेल, तर तापमानावरून ओळखता येईल, असं कोणी म्हणेल. पण फुग्यात छोटा तापक बसवता येतो. त्याहून सोपी युक्ती उलटी आहे : बॉम्बलाच फुग्यात घालायचं. मग दहा फुगे जातात, एकात बॉम्ब असतो आणि तो कशात आहे हे बाहेरून कळत नाही. ज्या देशाला आंतरखंडीय क्षेपणास्त्र बनवता येतं त्याला फुगा बनवता येणार नाही, असं मानणं मला कधीच पटलेलं नाही.

ऑक्टोबर १९९९ची चाचणी यशस्वी झाली होती. तिच्यात एकच फुगा होता आणि तो स्फोटाग्रापेक्षा कितीतरी जास्त तेजस्वी होता. शिवाय कोणती वस्तू कशी दिसेल, हे यानाला आधीच ठाऊक होतं. सुरुवातीच्या चाचण्यांमध्ये असं करणं गैर नाही, शिकताना आधी सोपं गणितच घ्यावं लागतं. पण सोप्या गणिताच्या गुणांवर देशाचा निर्णय घ्यायचा का, यावर भांडण होतं.

अमेरिकेत लष्करी बळावर भर देणाऱ्या राजकारण्यांना ‘ससाणे’ म्हणतात. आपल्या भाषेत त्यांना जहाल म्हणू. या जहालांचा प्रश्न नेहमी एकच असतो : आपल्या लोकांचं रक्षण करायचं की नाही? याला नाही म्हणून निवडून येणारा राजकारणी जगात कुठे सापडायचा नाही. गंमत अशी की १९६७ साली ग्लासबरो इथल्या भेटीत हाच युक्तिवाद सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांनी अमेरिकनांपुढे केला होता. बचाव कसा काय वाईट असू शकतो, हा त्यांचा सवाल. संरक्षणमंत्री मॅकनमारा त्यांना समजावत होते की तुम्ही ढाल वाढवलीत तर आम्ही बाण वाढवू. त्याच सप्टेंबरमध्ये मॅकनमारांनी ढालीविरुद्ध भाषण केलं आणि त्याच भाषणात चीनपासून बचावासाठी म्हणून एक छोटी ढाल उभारण्याची घोषणाही केली. देशांतर्गत राजकारणाचा दबाव एवढा होता.

तेव्हाच्या रोधक क्षेपणास्त्रांवर स्वतःचेच अणुबॉम्ब असत. नेम थोडा चुकला तरी चालेल असा हिशेब, पण त्या स्फोटांनी आपलीच रडार आंधळी होतील अशी भीती. १९६९ साली सेनेटमध्ये या योजनेवर ५०-५० मतं पडली आणि उपराष्ट्राध्यक्ष ॲग्न्यू यांच्या मताने ती तगली. १९७२ साली निक्सन आणि ब्रेझनेव्ह यांनी ढालींवर मर्यादा घालणारा करार केला. उत्तर डकोटातलं अमेरिकेचं एकमेव केंद्र १ ऑक्टोबर १९७५ला पूर्ण सज्ज झालं आणि दुसऱ्याच दिवशी प्रतिनिधिगृहाने ते बंद करण्याच्या बाजूने मत दिलं. मधल्या काळात मॅकनमारांचं म्हणणं खरं ठरलं होतं. १९७०पासून एकेका अमेरिकी क्षेपणास्त्रावर तीन-तीन स्फोटाग्रं बसू लागली होती आणि सोव्हिएत ढाल भेदणं हे त्यामागचं एक मोठं कारण होतं.

रेगन यांच्या १९८३च्या ‘स्टार वॉर्स’ या अवकाशातल्या ढालीच्या योजनेबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे की इथे एकच सांगतो. १९८६ साली आइसलंडमधल्या रेक्याविकला रेगन आणि सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांची अण्वस्त्रांच्या मोठ्या कपातीची बोलणी जवळपास जमली होती. ती फिसकटली ती हे संशोधन प्रयोगशाळेपुरतं ठेवायचं की नाही, यावरून.

खरा निकाल लागला तो १९९८ ते २००२ या चार वर्षांत. १९९५ साली अमेरिकी गुप्तचर खात्यांचा अंदाज होता की पुढची पंधरा वर्षं तरी कोणताही नवा देश अमेरिकेच्या मुख्य भूमीवर मारा करू शकणार नाही. जहालांना हा अंदाज भाबडा वाटला. जुलै १९९८मध्ये माजी संरक्षणमंत्री डोनल्ड रम्सफेल्ड यांच्या आयोगाने सांगितलं, उत्तर कोरियाने किंवा इराणने मनावर घेतलं तर पाचेक वर्षं पुरतील. सहा-सात आठवड्यांत, ३१ ऑगस्टला, उत्तर कोरियाचं रॉकेट जपानवरून गेलं. विरोधाची धारच गेली. मार्च १९९९मध्ये सेनेटने ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य होताच’ कवच उभारण्याचं विधेयक ९७ विरुद्ध ३ मतांनी मंजूर केलं.

जहालांची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. उत्तर कोरियाने २०१७ साली आंतरखंडीय क्षेपणास्त्र उडवलंच. रम्सफेल्ड आयोगात रिचर्ड गार्विन हे भौतिकशास्त्रज्ञही होते. धोका खरा आहे, या निष्कर्षावर त्यांची सही होती. पण भौतिकशास्त्रज्ञ हान्स बेथे यांच्यासोबत फुग्यांचं हे गणित १९६८ सालीच छापून मांडणारे गार्विनही हेच. उत्तर कोरियासारख्या छोट्या देशाचं क्षेपणास्त्र इंजिन जळत असतानाच, जवळून पाडावं असं ते सांगत. धोका खरा असला म्हणून हाताशी असलेला उपाय चालेलच असं नाही, हे त्यांचं म्हणणं सभागृहात कोणाच्या कामाचं नव्हतं.

चाचण्या फसल्यावर क्लिंटन यांनी सप्टेंबर २०००मध्ये निर्णय पुढच्या राष्ट्राध्यक्षावर सोडला. धाकट्या बुश यांनी डिसेंबर २००१मध्ये १९७२च्या करारातून बाहेर पडण्याची घोषणा केली आणि २००४ साली अलास्कात पहिली रोधकं जमिनीत बसली. २०१७च्या अखेरीस अलास्का आणि कॅलिफोर्निया मिळून ती ४४ झाली होती. मार्च २०१८मध्ये पुतिन यांनी नव्या अण्वस्त्रवाहकांची यादी वाचून दाखवली, तेव्हा अमेरिकेने तो करार सोडल्याचं कारण त्यांनी पुढे केलं.

आता थोडं गणित. १९९९पासूनच्या चाचण्यांत निम्म्याच्या आसपास यशस्वी झाल्या. एका रोधकाच्या यशाची शक्यता निम्मी धरू आणि एका क्षेपणास्त्रावर चार रोधकं सोडू. चारही चुकण्याची शक्यता सोळात एक. ऐकायला छान वाटतं. पण ४४ रोधकं म्हणजे अशी अकराच क्षेपणास्त्रं, आणि अकराच्या अकरा अडण्याची शक्यता येते ४९ टक्के. म्हणजे एखादा अणुबॉम्ब शहरावर पडणार की नाही, हे नाणं उडवण्यासारखं झालं. शिवाय चारही प्रयत्न एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं आपण धरलं. तोतया चौघांनाही एकसारखाच फसवणार असेल, तर हे गणितही कोसळतं.

मे २०२५मध्ये ट्रम्प यांनी ‘गोल्डन डोम’ जाहीर केलं : १७५ अब्ज डॉलर, सुमारे तीन वर्षं. इस्रायलच्या आयर्न डोमचं यश डोळ्यांसमोर ठेवून आधी नावही तेच घेतलं होतं. पण आयर्न डोम ४ ते ७० किलोमीटरवरून येणारी रॉकेटं हवेतच पाडतो, आणि हवेत फुगा मागे पडतो. गोल्डन डोममध्ये अवकाशातून, इंजिन जळत असतानाच मारा करायची कल्पना आहे. तिथे तोतयाचा प्रश्न टळतो, पण दुसरा उभा राहतो. खालच्या कक्षेतला उपग्रह दीड तासात पृथ्वीला फेरी मारतो, एका जागी थांबत नाही. तीन-चार मिनिटांच्या संधीसाठी एक रोधक नेहमी जवळ हवा असेल, तर हजारभर फिरत ठेवावे लागतात. अमेरिकी काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने त्याच महिन्यात एकदोन क्षेपणास्त्रं अडवू शकणाऱ्या अशा जाळ्याचा वीस वर्षांचा खर्च १६१ ते ५४२ अब्ज डॉलर सांगितला.

गोल्डन डोमच्या घोषणेच्या आठवडाभर आधी, १३ मे रोजी गार्विन ९७व्या वर्षी गेले.

त्याच वर्षी १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून भारताच्या ‘सुदर्शन चक्र’ या संरक्षण कवचाच्या मोहिमेची घोषणा झाली, २०३५पर्यंतची. आपले शेजारी जवळ आहेत, त्यामुळे आपल्या वाट्याला अर्धा तासही येत नाही. तिच्या चाचण्यांच्या बातम्या येऊ लागतील तेव्हा मी त्यांत आधी एवढंच शोधणार आहे : लक्ष्यासोबत तोतये किती होते, आणि ते कसे दिसतात हे रोधकाला आधी सांगून ठेवलं होतं का.