चवदार तळे

चवदार तळे : महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील महाड शहरामधील ऐतिहासिक तलाव. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह येथील पाणी प्राशन करून अस्पृश्यांचा सार्वजनिक पाणवठ्यावरील हक्क प्रत्यक्ष बजावला. त्यामुळे हे स्थळ आधुनिक भारताच्या सामाजिक इतिहासात प्रसिद्ध आहे.

महाड हे सावित्री नदीकाठचे, रायगड किल्ल्याच्या परिसरातील जुने व्यापारी गाव. तळे वस्तीच्या मधोमध असून त्याच्या सभोवती सवर्णांची घरे होती. मुसलमान तेथील पाणी भरत, गुरेढोरेही ते पीत. मज्जाव होता तो फक्त अस्पृश्यांना. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा सांभाळलेले पाणवठे, धर्मशाळा व शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 मध्ये मंजूर केला होता. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला, परंतु तो कागदावरच राहिला.

कुलाबा (आताचा रायगड) जिल्हा बहिष्कृत परिषदेचे अधिवेशन 19 व 20 मार्च 1927 रोजी महाडला भरले. आर. बी. मोरे, सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे आदींनी त्यासाठी परिश्रम घेतले होते. दुसऱ्या दिवशी प्रतिनिधी मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि सर्वांत आधी आंबेडकरांनी पाणी प्यायले. मात्र अस्पृश्य आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार, अशी अफवा थोड्याच वेळात पसरली आणि परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. पुढे सनातन्यांनी पंचगव्याच्या 108 घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करून घेतले, तर नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला.

त्याच वर्षी 25 डिसेंबरपासून दुसरी परिषद भरवण्याचे ठरले. तिला गावात जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थांनी आपली जमीन दिली. आंबेडकर व त्यांचे सहकारी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले आणि दासगावहून पायी महाडला पोहोचले. परिषदेत 25 डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन करण्यात आले. तळ्यावर पुन्हा जाण्याचा बेत मात्र पुढे ढकलावा लागला, कारण तळे ही स्पृश्यांची खाजगी मालमत्ता असल्याचा दावा लावून काही रहिवाशांनी न्यायालयाकडून 14 डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. न्यायालयीन आदेश मोडायचा नाही, हा आंबेडकरांचा निर्णय तेथे जमलेल्या सत्याग्रहींना सहज रुचणारा नव्हता.

या दाव्याकडे अभ्यासकांचे तुलनेने दुर्लक्ष झाले आहे. वास्तविक तळ्याचा प्रश्न कायद्याने सुटला तो येथेच. तळे कोणाच्या मालकीचे आणि अस्पृश्यांना दूर ठेवण्याची चाल कायद्याने मान्य होण्याइतकी प्राचीन आहे काय, हे दोन मुद्दे न्यायालयापुढे होते. महाडच्या न्यायालयाने 1931 मध्ये दावा फेटाळला, ठाण्याच्या अपिलातही तोच निकाल कायम राहिला आणि अखेर 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व वाडिया यांनी वादींचे अपील नामंजूर केले. तळे नगरपालिकेचे आहे आणि बहिष्काराची प्रथा अनादी काळापासून चालत आल्याचे सिद्ध झालेले नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला. महात्मा गांधींना 1922 मध्ये अहमदाबाद येथे राजद्रोहाबद्दल शिक्षा सुनावणारे न्यायाधीशही हेच ब्रूमफील्ड. म्हणजे पाणी पिण्यास काही क्षण लागले, पण तो हक्क न्यायालयाकडून मान्य करून घेण्यास जवळपास दहा वर्षे जावी लागली.

आज तळ्याला बांधीव काठ असून तेथे आंबेडकरांचा पुतळा उभा आहे. दरवर्षी 20 मार्चला राज्यभरातून अनुयायी येथे येतात. हा दिवस सामाजिक सबलीकरण दिन म्हणूनही पाळला जातो. मनुस्मृती दहनाचे स्मारक असलेला क्रांतिस्तंभ महाडमध्येच, पण तळ्यापासून वेगळ्या जागी आहे. दोन्ही घटना एकाच दिवशी व एकाच ठिकाणी घडल्याचा समज आढळतो, तो बरोबर नाही.