अभिस्तर की संयोजी? पेशींच्या मधल्या जागेकडे बघा

‘त्वचा ही अभिस्तर ऊती आहे आणि रक्त ही संयोजी ऊती.’ शाळेच्या वहीपासून स्पर्धा परीक्षांच्या नोट्सपर्यंत हे वाक्य सगळीकडे फिरत असतं. ऊती म्हणजे मिळून एक काम करणाऱ्या पेशींचा समूह. या वाक्याचा पहिला भाग अर्धवट आहे. दुसरा बरोबर आहे, पण का बरोबर आहे असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: ‘रक्त सगळ्या अवयवांना जोडतं ना!’ या उत्तराची मला चीड आहे. अवयव जोडण्यावरच ठरवायचं, तर चेतातंतूंनीही मेंदूपासून पायाच्या बोटापर्यंत सगळं जोडलेलं आहे. मग चेता ऊतीला वेगळा कप्पा कशाला?

अभिस्तर, म्हणजे बहुधा पृष्ठभाग झाकणारी किंवा पोकळीला अस्तर लावणारी ऊती, सोपी आहे, त्यामुळे तिथे रेंगाळत नाही. पेशी एकमेकींना खेटून, एका बाजूला मोकळा पृष्ठभाग, दुसऱ्या बाजूला पेशी ज्यावर टेकतात ते पातळ आधारपटल, आत रक्तवाहिन्या नाहीत. पट्टकी, घनाभ, स्तंभीय ही नावं पाठ नसली तरी बिघडत नाही. पेशीचा आकार बघून ती ठेवलेली आहेत, एवढंच. स्नायू ऊती आणि चेता ऊती यांचा सहसा कुणी घोळ घालत नाही, तेव्हा त्यांनाही इथेच निरोप.

घोळ होतो तो संयोजी ऊतीपाशी. हाड, चरबी, कूर्चा (कानाच्या पाळीच्या वरच्या भागात असते ती लवचिक ऊती), टेंडन (स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी), रक्त: ही मंडळी एका कुटुंबातली आहेत यावर बघून कोण विश्वास ठेवेल? झाविए बिशा या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने 1801 मध्ये सूक्ष्मदर्शकाला हात न लावता शरीरातल्या ऊतींचे 21 प्रकार केले होते. नुसत्या डोळ्यांनी आणि हातांनी तपासलं तर तसंच व्हायचं. आज आपण अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता अशा चारांवर आलो, कारण प्रश्न बदलला. ऊती दिसते कशी, यापेक्षा पेशींच्या मध्ये काय आहे, हे विचारलं जाऊ लागलं.

अभिस्तर ऊती म्हणजे जवळजवळ सगळ्या पेशीच. दोन पेशींच्या मध्ये जागा नावापुरती. संयोजी ऊतीत बहुधा उलटं असतं: पेशी विरळ, आणि त्यांच्या मध्ये भरपूर आधारक, म्हणजे तंतू आणि ते ज्यात रुतलेले असतात तो पदार्थ. ऊतीचा स्वभाव ठरतो तो या आधारकामुळे. हाड कडक असतं, पण हाडाची पेशी कडक नसते. कडकपणा येतो बाहेरच्या कॅल्शियम फॉस्फेटमुळे आणि चिवटपणा येतो कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंमुळे. हाड बरेच दिवस सौम्य आम्लात ठेवलं की खनिज विरघळून जातं, आकार तसाच राहतो, पण हाड रबरासारखं वाकतं. तेच जाळलं तर कोलॅजन नष्ट होतं आणि हाताच्या दाबाने तुकडे पडतात. दोन्ही प्रयोगांत फेरफार झाला तो आधारकात. पेशींचा इथे काही संबंधच आला नाही.

आता रक्त. त्यातला सुमारे 55 टक्के भाग प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव, आणि त्यात पेशी सुट्ट्या तरंगतात. आधारक द्रवरूप आहे, इतकाच काय तो फरक. तंतू कुठे आहेत असं विचाराल, तर फायब्रिनोजेन हे प्रथिन प्लाझ्मात विरघळलेलं असतं. रक्त गोठताना त्याचंच फायब्रिनचं जाळं होतं. एक खोच मात्र आहे. हाडाचा आधारक हाडाच्या पेशी स्वतः घडवतात, पण प्लाझ्मातली बहुतेक प्रथिनं यकृतात तयार होतात. त्यामुळे रक्ताला या कुटुंबात बसवताना काही जण जरा नाखूष असतात, आणि त्यांची तक्रार मला ‘रक्त जोडतं’ या उत्तरापेक्षा कितीतरी समंजस वाटते.

त्वचेकडे याच नजरेने बघा. वरची बाह्यत्वचा अभिस्तर आहे. तिच्याखालची, बहुतेक ठिकाणी तिच्याहून बरीच जाड असलेली अंतस्त्वचा संयोजी आहे. अगदी वरवरचा ओरखडा रक्त काढत नाही, कारण रक्तवाहिन्या अंतस्त्वचेत असतात. बाह्यत्वचेच्या पेशी सतत झडत असतात, तरी गोंदण वर्षानुवर्षं टिकतं, कारण शाई अंतस्त्वचेत असते. तेव्हा ‘त्वचा ही अभिस्तर ऊती’ म्हणू नका. त्वचा हा अवयव आहे.

जागेवरून ऊती ओळखण्याची सवय इथे आणखी एकदा फसवते. केसांची मुळं आणि घामाच्या ग्रंथी अंतस्त्वचेत खोल रुतलेल्या असतात, पण त्यांचं अस्तर अभिस्तर पेशींचं असतं. भाजल्याची जखम अंतस्त्वचेच्या वरच्या भागापर्यंतच गेली असेल, तर या उरलेल्या पेशी वाढून पसरतात आणि जखमेवर नवी बाह्यत्वचा येते. भाजणं पूर्ण जाडीचं असेल तर ही बेटंही जळून जातात. मग नवी त्वचा फक्त कडांकडून सरकत येऊ शकते, आणि जखम मोठी असेल तर दुसरीकडची त्वचा आणून लावावी लागते. यकृताचंही तेच. शरीराच्या आत, कशालाही झाकत नाही, तरी यकृताच्या मुख्य पेशी अभिस्तर प्रकारातल्या.

आधारपटलाला तर पाठ्यपुस्तकं एका ओळीत उरकतात. कर्करोगाच्या रुग्णासाठी तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची ठरते. अभिस्तर पेशींपासून होणारा कर्करोग म्हणजे कार्सिनोमा, हाड, चरबी, स्नायू अशा ऊतींमधला तो सार्कोमा. प्रौढांमध्ये कार्सिनोमाच कितीतरी जास्त आढळतात. कार्सिनोमाच्या पेशी जोवर आधारपटलाच्या वरच आहेत, तोवर त्यांना रक्तवाहिनी गाठता येत नाही. पटल फुटलं की पलीकडे संयोजी ऊती, म्हणजे रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या, म्हणजे पसरायला वाट. अहवालात ‘इन सिटू’ लिहिलेलं असतं तेव्हा डॉक्टर सांगत असतात की पटल अजून ओलांडलेलं नाही.

‘रक्तवाहिन्या असतील तर संयोजी, नसतील तर अभिस्तर’ असा सोपा नियम करू नका. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात आणि ती पक्की संयोजी आहे. तिचा आधारक कोणत्याही पुस्तकातल्या चित्रात उठून दिसतो. सगळ्यात अवघड गिऱ्हाईक आहे चरबी. मेदपेशी फुगून एकमेकींना इतक्या भिडलेल्या असतात की मधली जागा शोधावी लागते, आणि माझी कसोटी तिथे थोडी लंगडते. अशा वेळी मोकळा पृष्ठभाग शोधा. अभिस्तर पेशींच्या थराची एक बाजू पोकळीत, नळीत किंवा बाहेरच्या हवेत उघडते आणि दुसरी आधारपटलावर टेकते. मेदपेशीला असं वर-खाली काही नसतं. तिच्या चारी बाजूंना बारीक कोलॅजन तंतू आणि केशवाहिन्याच असतात.