विजेच्या मागणीचा अंदाज आणि मीटर नसलेला पंप

देशाला 2021-22 मध्ये कमाल किती वीज लागेल, हे सरकारी सर्वेक्षणांनी सहा वर्षांच्या अंतराने दोनदा सांगितले. 2011 च्या सर्वेक्षणात आकडा सुमारे 2 लाख 83 हजार मेगावॅट होता. 2017 मध्ये तो 2 लाख 26 हजारांवर आला. प्रत्यक्षात ते वर्ष 2 लाख 3 हजारांच्या आसपास आटोपले. सगळे खापर करोनावर फोडता येत नाही, कारण पहिल्याच सर्वेक्षणाने 2016-17 साठी जवळपास 2 लाख धरले होते आणि मागणी 1 लाख 60 हजारांवरच राहिली होती. तोवर त्या अंदाजाच्या भरवशावर कोळशाचे प्रकल्प उभे राहिले होते. औष्णिक केंद्रांचा भारांक, म्हणजे क्षमतेच्या किती टक्के वीज प्रत्यक्षात तयार झाली तो आकडा, 2009-10 मधल्या 77 टक्क्यांवरून 2016-17 पर्यंत 60 टक्क्यांवर उतरला आणि बँकांची कर्जे अडकली.

ही सर्वेक्षणे साठच्या दशकापासून चालू आहेत. सुरुवातीला मागचा कल पुढे ओढायचा, इतकेच काम असे. पुढे ग्राहकवर्गनिहाय बेरीज आली, म्हणजे घरे, कारखाने, शेती यांची मागणी वेगवेगळी काढून मिळवायची; मग राष्ट्रीय उत्पन्न, दर आणि हवामान यांवर बेतलेली अर्थमितीय प्रारूपे, म्हणजे मागणीची गणिती सूत्रे. 2019 मध्ये त्यांचा स्वतंत्र सरकारी अहवालही निघाला. वाद होतो तो बहुतेक याच टप्प्यावर : कोणते प्रारूप, लवचिकता किती (म्हणजे उत्पन्न एक टक्का वाढले तर मागणी किती वाढते), विकासदर 8 धरायचा की 9. प्रारूपाला कोणती आकडेवारी खाऊ घातली, हे विचारणारे थोडे.

त्या आकडेवारीत एक दोष उघड आहे. लोडशेडिंगच्या वर्षांत नोंद होते ती पुरवठ्याची, मागणीची नव्हे. 2007-08 मध्ये देशात कमाल मागणीच्या वेळची तूट 16 टक्क्यांवर होती. त्यामुळे न मिळालेली वीज अंदाजाने मागणीत मिळवावी लागते. ते निदान सगळ्यांना ठाऊक आहे.

दुसरा दोष शेतीपंपांचा, आणि तो महाराष्ट्राइतका स्वच्छ फारच थोड्या ठिकाणी दिसतो. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात इथे पंपाला मीटरऐवजी अश्वशक्तीवर दर लागू झाला. बिल सोपे झाले, वसुलीचा खर्च वाचला. पण पंपाने किती युनिट घेतली हे मोजायचे कारणच उरले नाही. मग हिशेब असा : मंजूर अश्वशक्ती गुणिले वर्षाचे तास. तास किती, हे वीज विकणाऱ्यानेच ठरवायचे. केंद्रातून सुटलेली वीज मोजलेली, घरगुती आणि कारखान्यांची विक्री मोजलेली. उरलेल्या विजेतली किती पंपांची आणि किती तारांतून, चोरीतून, आकडे टाकून गेलेली, ही वाटणी कागदावरची. पंपांच्या नावावर जितके जास्त, तितकी गळती कमी दिसते.

नव्वदच्या दशकात राज्य वीज मंडळ गळती 20 टक्क्यांच्या आत दाखवत होते. विजेचे दर ठरवणाऱ्या राज्य नियामक आयोगापुढे पहिल्या दरवाढीची सुनावणी झाली तेव्हा ती 30 टक्क्यांच्या पुढे गेली. एका सुनावणीत असे व्हावे, हे जरा जास्तच सोयीचे हिशेबशास्त्र म्हणायचे. पुढे शेतीचे फीडर, म्हणजे वीजवाहिन्या, गावठाणापासून वेगळे झाले, काही पंपांना मीटर बसले, तरी प्रश्न मिटला नाही. तीन अश्वशक्तीचा पंप पाचचा दाखवला जातो, अशी तक्रार ग्राहक संघटना करतच राहिल्या. अखेर मार्च 2020 च्या दरआदेशात आयोगाने शेतीची विक्री खाली आणली आणि गळती वर नेली. मंडळाच्या जागी आलेल्या वितरण कंपनीची बाजूही आहे : बिघडलेले मीटर, वसुली जवळपास नाही, आणि प्रत्येक पंपापर्यंत पोचायला माणसे कुठून आणायची?

एकूण बेरीज दोन्ही हिशेबांत तीच राहते, म्हणून चालू वर्षाला काही फरक पडत नाही. फरक पुढच्या दहा वर्षांना पडतो. वीज पंपांची असेल तर ती विहिरी आणि ऊसक्षेत्राबरोबर वाढेल. चोरीची असेल तर मीटर, बंदिस्त केबल आणि वसुलीने ती बरीच आटेल, कारण पैसे मोजून तितकी वीज कोणी जाळत नाही. एकाच आकड्यातून दोन वेगळी भविष्ये निघतात, आणि वर्गनिहाय बेरजेच्या पद्धतीत पहिलेच आपोआप निवडले जाते. देशाचा अंदाज एवढ्यानेच फुगला असे नाही. फुगीर विकासदराचा वाटा मोठा होता. पण विकासदराची चूक पुढच्या सर्वेक्षणात दुरुस्त होते. पंपांच्या हिशेबाची ही चूक पायाभूत वर्षातच, म्हणजे ज्या वर्षावरून अंदाज सुरू होतो त्यातच, बसलेली असते.

2021 नंतर वारे उलटे फिरले. उन्हाळे तापले, एसी वाढले, आणि 30 मे 2024 रोजी देशाची मागणी 2 लाख 50 हजार मेगावॅटला भिडली. त्याच काळात पंप सौर होऊ लागले. ज्यांना वाहिनीवरून दिवसा सौर वीज मिळते त्यांची मागणी रात्रीतून दुपारी सरकते, पण नोंदीत राहते. स्वतंत्र सौरपंप बसलेला शेतकरी मात्र नोंदीतूनच निघून जातो. त्याच्या नावावर आजवर जी युनिटे धरली ती वजा करायची, तर जुन्या हिशेबाची करायची की 2020 च्या, हे आधी ठरवावे लागेल.