बहुमजली वीटभिंतींचं मॉडेलिंग

विटा, दगड किंवा ब्लॉकच्या ज्या भिंती मजल्यांचं ओझंही पेलतात आणि वारा-भूकंपाचा आडवा धक्काही घेतात, त्या अॅनालिसिस सॉफ्टवेअरमध्ये कशा मांडायच्या, याबद्दलची ही नोंद आहे. आरसीसी फ्रेमच्या आत नुसती भरलेली वीट इथे धरलेली नाही, तिला तिरका स्ट्रट (दाब घेणारी दांडी) घालून भागवतात आणि तिचं गणितच वेगळं. लोड बेअरिंग भिंतीची अडचण अशी की तिला दाब छान चालतो, ताण जवळपास चालत नाही, वर सांध्यात ती घसरते, आणि दार-खिडक्यांनी तिचे तुकडे झालेले असतात. सॉफ्टवेअरला मात्र दोन्हीकडून सारखं वागणारं मटेरियल आवडतं. शिकागोची १८९१ची मोनॅडनॉक बिल्डिंग १६ मजल्यांची आणि तळाशी भिंत ६ फूट जाड, एवढं जाड बांधलं की ताणाचा प्रश्न फारसा उरत नाही. भिंती पातळ झाल्या तसं मॉडेलही बारकाईने करावं लागलं.

सगळ्यात जास्त वापरली जाते ती 'समतुल्य फ्रेम' पद्धत. भिंतीतल्या दोन खिडक्यांमधला उभा तुकडा म्हणजे पियर, खिडकीच्या वरचा आणि वरच्या खिडकीच्या खालचा मिळून होणारा आडवा पट्टा म्हणजे स्पँड्रेल, आणि ही दोन जिथे भेटतात तो कोपऱ्याचा भाग अजिबात न वाकणारा, कडक धरायचा. पियर झाला कॉलम, स्पँड्रेल झाला बीम. सोपं वाटतं, पण ही पद्धत आली कुठून यावर एकमत नाही, आणि गोंधळ बराचसा नावातच आहे.

एक बाजू म्हणते की हे मूळचं आरसीसी शिअर वॉलचं, म्हणजे आडवा धक्का घेणाऱ्या काँक्रीट भिंतीचं. १९६०च्या दशकात उंच इमारतींच्या जोडभिंती हिशोबात बसवण्यासाठी भिंतीला तिच्या मध्यरेषेवरचा एक रुंद कॉलम समजायचं आणि मध्यरेषेपासून भिंतीच्या कडेपर्यंत बीमला कडक टोक जोडायचं, अशी 'वाईड कॉलम फ्रेम' प्रचारात आली. कॉम्प्युटरवर फ्रेम सोडवायचे प्रोग्रॅम तेव्हाच आल्यामुळे ती पटकन रुळली. दुसरी बाजू संशोधक तोमाझेविच यांच्या १९७८च्या पीओआर पद्धतीकडे बोट दाखवते. १९७६च्या फ्रिउली भूकंपानंतर इटलीत दुरुस्तीच्या कामांसाठी ती भरपूर वापरली गेली आणि १९८१च्या सरकारी परिपत्रकातही पोचली. तिच्या मुळाशी टुर्नशेक आणि चाचोविच यांचे १९७०च्या सुमाराचे प्रयोग आहेत, ज्यांनी वीटभिंत तिरक्या भेगेने कधी फुटते याचं सूत्र दिलं, ते आजही बहुतेक सॉफ्टवेअरच्या पोटात आहे.

पण पीओआर नीट पाहिली तर ती फ्रेम नाहीच. ती एकेक मजला सुटा घेते, पियरची वरची-खालची टोकं फिरत नाहीत असं धरते आणि मजल्यातल्या सगळ्या पियरचा शिअर (आडवं कापू पाहणारं बल) नुसता बेरजेत टाकते, स्पँड्रेल तिच्यात मोडतच नाही आणि वरच्या मजल्यांमुळे होणारं उलथणं खालच्या पियरच्या दाबात दिसत नाही. एकमजली-दुमजली घराला ठीक, चार-पाच मजल्यांना नाही. त्यामुळे भिंतीचा सांगाडा वाईड कॉलमकडून आला आणि भेग पडल्यावर पुढे काय हे डोकं पीओआरकडून आलं, असं मानणं जास्त पटण्यासारखं आहे. दोन्हींची गाठ पक्की झाली ती १९९०च्या दशकात, माजेनेस आणि काल्वी यांच्या पाविया विद्यापीठातल्या कामात आणि त्यातून १९९८च्या सुमारास निघालेल्या सॅम पद्धतीत.

तिसरा धागा एडिंबराचा, आणि इथेच नावाचा घोळ सुरू होतो. सिन्हा, मॉरेनब्रेकर आणि हेंड्री यांनी १९७०च्या आसपास एका बंद पडलेल्या दगडखाणीत पाच मजली, खऱ्या मापाची वीटभिंतींची इमारत उभी केली, खाणीच्या कड्याचा टेकू घेऊन जॅकने तिला आडवं ढकललं आणि ती किती सरकते ते वेगवेगळ्या पद्धतींच्या उत्तराशी ताडून पाहिलं. त्यांना प्रत्यक्षाच्या सगळ्यात जवळ जाणारी वाटली ती साधी फ्रेम, ज्यात कॉलमला भिंतीचे गुणधर्म आणि स्लॅब मध्यरेषेपासून मध्यरेषेपर्यंत, कडक टोकं नाहीत. वाईड कॉलम समाधानकारक जुळली नाही, आणि प्रत्येक भिंत सुटी कँटिलिव्हर (फक्त पायाशी पक्की) धरणंही फारच ढोबळ निघालं. म्हणजे त्यांचीही 'समतुल्य फ्रेम'च, पण इटालियन लोक ज्याला ते नाव देतात त्याच्या जवळपास उलट. हा वाद मिटलेला नाही असं वाचायला मिळतं, पण खरं तर दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलणं चाललंय: एडिंबराच्या इमारतीत भिंती पातळ स्लॅबने जोडलेल्या होत्या आणि स्लॅब-भिंतीचा सांधा थोडा सैल पडतो, तर खिडक्यांच्या दर्शनी भिंतीत विटांचाच दीड-पावणेदोन मीटर उंच स्पँड्रेल असतो, तिथे कोपऱ्याचा ठोकळा खरंच ताठ राहतो. आपली भिंत कुठल्या जातीची हे आधी बघायचं आणि मग कडक टोकं घालायची की नाही ते ठरवायचं.

हे ठरवण्यावर किती अवलंबून आहे ते आकड्यात बघितलेलं बरं. शिअर मॉड्युलस (कापणाऱ्या बलाला मटेरियल किती ताठ) इलॅस्टिक मॉड्युलसच्या (दाबाला किती ताठ) ०.४ पट धरला (युरोकोड ६, म्हणजे वीटकामाचा युरोपीय कोड, हेच सांगतो) आणि पियरची दोन्ही टोकं फिरू दिली नाहीत, तर लवचीकता (त्याच बलाला पियर किती सरकतो त्याचं माप) 'उंची भागिले रुंदी' या गुणोत्तराचा घन अधिक त्याच गुणोत्तराची तिप्पट अशी येते. वरचं टोक मोकळं असेल तर घनाला चारने गुणायचं. आता १.५ मीटर रुंदीचा पियर, मजला ३ मीटर, खिडकी १.२ मीटर उंच. खिडकीएवढाच भाग वाकतो धरलं तर गुणोत्तर ०.८ आणि लवचीकता २.९१. पूर्ण मजलाभर वाकतो धरलं तर गुणोत्तर २ आणि लवचीकता १४. तोच पियर, तीच वीट, आणि स्टिफनेसमध्ये (ताठपणात) पावणेपाच पटींचा फरक, तोही फक्त एका रेघेची लांबी बदलल्यामुळे. वरचं टोक मोकळं सोडलं तर दुसरा आकडा ३८ होतो. १९८९ साली मौरो दोल्चे यांनी याच्या मधला मार्ग सुचवला: शेजारच्या खिडक्यांचे कोपरे तिरक्या रेषांनी जोडायचे, रेषेचा उतार ३० अंशांपुढे जाऊ द्यायचा नाही, त्यातून जी उंची निघते ती दुरुस्त करून वापरायची. आधार थोडा प्रयोगांचा, थोडा अंदाजाचा. पण खिडक्या एका ओळीत नसतील, एका मजल्यावर दोन आणि वर तीन असतील, तर रेषा कुठून कुठे ओढायच्या यावर दोन इंजिनिअर दोन फ्रेम काढतात आणि दोघांचीही बरोबर असू शकते.

पियर मोडायच्या तऱ्हा तीन-चारच: एका टोकावर डुलणं आणि पायाशी वीट चिरडणं, आडव्या सांध्यात घसरणं, आणि तिरकी भेग. सॉफ्टवेअर प्रत्येकीची क्षमता काढून सगळ्यात लहान ती धरतं. या सगळ्या पियरवरच्या दाबावर अवलंबून असतात, आणि बहुमजली भिंतीत धक्का एका बाजूने आला की त्या बाजूच्या कडेच्या पियरचा दाब हलका होतो आणि समोरच्या कडेचा वाढतो. म्हणून धक्का वाढवत नेताना क्षमता प्रत्येक पायरीला नव्याने काढावी लागते. साध्या प्रोग्रॅममध्ये सुरुवातीच्या डेड लोडचा दाब धरून हिंज (पियर जिथे मोडून फिरतो ती बिजागरी) घातली आणि विसरून गेलं, ही नेहमीची चूक आहे, आणि उत्तर वरवर अगदी व्यवस्थित दिसतं म्हणून पकडली जात नाही. युरोकोड ८च्या (भूकंपाच्या कोडच्या) तिसऱ्या भागात शिअरने मोडणाऱ्या मुख्य भिंतीला ०.४ टक्के ड्रिफ्टची (उंचीच्या तुलनेत आडवं सरकण्याची) मर्यादा आहे, वाकून मोडणारीला ०.८ टक्के गुणिले एक गुणोत्तर: वाकवणारा मोमेंट शून्य होतो तिथपर्यंतची उंची भागिले रुंदी. स्पँड्रेलबद्दल माहिती बराच काळ तोकडी होती, त्याला झोपवलेला पियर समजायचे. २०१०च्या आसपास कात्रिन बायर यांच्या प्रयोगांनंतर चित्र थोडं स्पष्ट झालं, लिंटेल आणि टाय रॉड (भिंत बांधून ठेवणारी सळी) असला तर बराच फरक पडतो.

फ्रेमच्या पुढची पायरी म्हणजे मॅक्रो-एलिमेंट, म्हणजे भिंतीच्या मोठ्या तुकड्याला एकच एलिमेंट. जेनोआमध्ये गांबारोत्ता आणि लागोमार्सिनो यांच्या १९९०च्या दशकातल्या कामातून आलेल्या एलिमेंटमध्ये वर-खाली डुलणं आणि चिरडणं सांभाळणारे दोन पातळ थर आणि मधे फक्त शिअरचा भाग असतो. ट्रेमुरी प्रोग्रॅम त्यावर उभा आहे आणि थ्री-मुरी त्याची व्यावसायिक आवृत्ती. कातानियाच्या कालियो आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडलेला प्रकार वेगळा, चार कडक कडांची बिजागरीदार चौकट, आत तिरक्या स्प्रिंगा आणि कडांना सांध्याच्या स्प्रिंगा. खिडक्या वेड्यावाकड्या असतील तर हा जास्त सोयीचा.

ईटॅब्स किंवा सॅपसारख्या सर्वसाधारण सॉफ्टवेअरमध्ये लोक बहुतेक शेल एलिमेंट (भिंतीचे छोटे सपाट तुकडे) वापरतात आणि पियर-स्पँड्रेलची लेबलं लावून फोर्स गोळा करतात. वाईट नाही, पण सॉफ्टवेअर जे न विचारता धरतं ते माहीत हवं. स्लॅब आणि भिंतीला एकच नोड (जोडबिंदू) असला की सांधा पूर्ण पक्का होतो आणि स्लॅबचा मोमेंट भिंतीत उतरतो. वरच्या मजल्यावर दाब कमी असल्याने खरा सांधा उघडतो आणि तेवढा मोमेंट तिथे येतच नाही, त्यामुळे गंमत म्हणजे सगळ्यात हलकी भिंत कागदावर सगळ्यात जास्त फेल होते. खिडकीच्या कोपऱ्यात स्ट्रेस मेश (तुकड्यांची जाळी) बारीक करत गेलं की वाढतच जातो, त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. फ्लोअर लाकडी असला तर रिजिड डायफ्रॅमची (फ्लोअर आपल्या पातळीत अजिबात वाकत नाही असं धरायची) खूण काढायला विसरू नये. इलॅस्टिक मॉड्युलससाठी युरोकोड ६ दाबाच्या ताकदीच्या १००० पट सुचवतो, अमेरिकन वीटकामाचा कोड टीएमएस ४०२ मातीच्या विटेला ७०० आणि काँक्रीट ब्लॉकला ९०० पट, आणि भेगा लक्षात घ्यायच्या तर युरोकोड ८ भूकंपासाठी स्टिफनेस निम्मा धरायला सांगतो.

डेड लोड एकदम लावायचा की मजल्यामागून मजला, हाही प्रश्न येतो. एकदम लावला तर खाली जास्त दबलेल्या पियरमुळे वरच्या स्पँड्रेलमध्ये खोटं बेंडिंग येतं, प्रत्यक्षात तो स्पँड्रेल बांधला तेव्हा खालची भिंत आपल्या ओझ्याने आधीच बसलेली होती. टप्प्याटप्प्याने लोड लावायची सोय असेल तर वापरावी.

वीट आणि सांधा वेगळा दाखवणारं सूक्ष्म मॉडेलिंग पेज यांनी १९७८ मध्ये सुरू केलं म्हणतात, आणि लोरेन्सो यांच्या १९९६च्या डेल्फ्टमधल्या प्रबंधाने त्याला आजचं रूप दिलं. एका भिंतीला, संशोधनाला ठीक, पाच मजल्यांना अजूनही जड पडतं.

पडताळणीसाठी सगळे ज्या प्रयोगाकडे वळतात तो पावियाचा, १९९५ साली प्रसिद्ध झालेला, दारांची आणि खिडक्यांची भिंत असलेला खऱ्या मापाचा, पण दुमजलीच. भिंत बाहेरच्या बाजूला पडणं हे समतुल्य फ्रेममध्ये येत नाही, ते वेगळ्या हिशोबाने, भिंतीचा तुकडा कडक ठोकळा समजून तपासतात. दोन दर्शनी थरांमध्ये मुरूम-दगड भरलेल्या जुन्या भिंतींना वरचं सगळं कितपत लागू होतं, ते थर एकमेकांना बांधून ठेवणारे आडवे दगड किती यावर आहे.