विद्यापीठातल्या युजर अकाउंटमागचा इतिहास

जून-जुलैत वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्रवेशांची धांदल सुरू झाली की दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांत एकच चौकशी असते: फॉर्म भरला का, ओटीपी आला का, लॉगिन चाललं का? तीन-चार वर्षांनी मुलगा पास होऊन बाहेर पडतो, तेव्हा त्या लॉगिनचं काय झालं हे मात्र कोणी विचारत नाही. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे, आणि तो कॉम्प्युटरवरच्या खात्याइतकाच जुना आहे.

या खात्याचा जन्मच विद्यापीठातला. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत फर्नांडो कोर्बातो यांच्या गटाने सीटीएसएस ही प्रणाली दाखवली. एका महागड्या मशीनवर अनेकांनी एकाच वेळी काम करायचं, तर कोणाच्या फायली कोणत्या आणि कोणी किती वेळ वापरला हे वेगळं ठेवणं भागच होतं. म्हणून नाव आणि पासवर्ड आले. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने, आपल्या वाट्याचा वेळ पुरेना म्हणून, सगळ्यांच्या पासवर्डची फाइलच छापून घेतली.

आजचा साचा आला तो युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीममधून. 'पासडब्ल्यूडी' या साध्या फाइलमध्ये दर खात्याची एक ओळ, आणि ओळीत कोलनने तोडलेले सात रकाने: लॉगिनचं नाव, पासवर्ड, युजर क्रमांक, गट क्रमांक, माणसाची माहिती, होम डिरेक्टरी (त्याच्या फायलींचा कप्पा), शेल (त्याच्या आज्ञा घेणारा प्रोग्रॅम). यातला तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. फाइल कोणाच्या मालकीची हे सिस्टीम नावावरून नव्हे, या क्रमांकावरून ठरवते. समजा, २११७ क्रमांकाचा विद्यार्थी पास होऊन गेला. ॲडमिनने खातं काढलं, पण काही फायली डिस्कवर राहिल्या. पुढच्या वर्षी तोच क्रमांक नव्या मुलीला मिळाला, की त्याची पत्रं, प्रबंधाचे कच्चे खर्डे, सगळं तिच्या मालकीचं होतं. कोणी काही फोडलेलं नसतं. सिस्टीम आपला नियम पाळत असते.

म्हणून खातं आधी फक्त गोठवावं आणि दिलेला क्रमांक पुन्हा कोणालाही देऊ नये. पण त्यासाठी क्रमांक पुरायला हवेत. सुरुवातीच्या युनिक्समध्ये ते ८ बिटांचे होते, म्हणजे २५६ च. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत १६ बिट झाले, म्हणजे ६५,५३६. दर वर्षी हजारो नवे विद्यार्थी घेणाऱ्या विद्यापीठाला तेही फार काळ पुरणारे नव्हते. युनिक्सच्या धर्तीवरच्या लिनक्समध्ये ३२ बिट आले २००१ च्या २.४ कर्नलपासून, म्हणजे त्याच्या गाभ्याच्या त्या आवृत्तीपासून. नावांनी तर भागतच नाही: वडोदऱ्यात पटेल, शाह, जोशी, शिंदे यांची रांग लागते, आणि गायकवाड तर रोमन लिपीत दोन-तीन तऱ्हांनी लिहितात.

याच काळात सगळ्यांचं लक्ष पासवर्डवर होतं, आणि ते चुकीचं नव्हतं. १९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी पासवर्डमध्ये 'सॉल्ट', म्हणजे दर खात्यासाठी वेगळा असा एक आकडा, मिसळण्याची पद्धत मांडली. १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये मॉरिस यांच्याच मुलाने सोडलेला वर्म, म्हणजे एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर आपोआप पसरणारा प्रोग्रॅम, शेकडो शब्दांची यादी घेऊन पासवर्ड ओळखत फिरला. पुढे हॅश, म्हणजे पासवर्डची उलट न फिरवता येणारी रूपं, सगळ्यांना वाचता न येणाऱ्या वेगळ्या 'शॅडो' फाइलमध्ये गेले. एमआयटीच्या केर्बेरॉस या व्यवस्थेने पासवर्ड नेटवर्कवरून न पाठवता ओळख पटवली, तर १९९३ मध्ये मिशिगन विद्यापीठातून एलडॅप आलं, म्हणजे सगळ्यांच्या नोंदींची एक सामायिक यादी (डिरेक्टरी) नेटवर्कवरून विचारण्याची पद्धत. त्यामुळे प्रत्येक विभागाची वेगळी यादी ठेवण्याची गरज उरली नाही. एका डिरेक्टरीत सगळे मावले.

तरीही डिरेक्टरीला माणसाचा प्रवास आपोआप कळत नाही. बीएस्सी करून गेलेली मुलगी दोन वर्षांनी एमएस्सीला परत येते, मग पीएचडी करता करता तासही घेऊ लागते. ती विद्यार्थिनी की शिक्षिका? दोन्ही. तिला दर वेळी नवं खातं दिलं तर तिचं काम तीन ठिकाणी विखुरतं. जुन्याच खात्यात अधिकार वाढवत नेले तर जुने काढायचे राहून जातात. हे कळायला प्रवेश, परीक्षा आणि आस्थापना या तिन्ही विभागांच्या नोंदी डिरेक्टरीशी जोडलेल्या लागतात. हे काम सर्व्हर रूमचं कमी आणि कचेरीचं जास्त आहे.

आता ते विद्यापीठाच्या भिंतीआडही राहिलेलं नाही. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राच्या 'इन्फेड' व्यवस्थेत जर्नलचा प्रकाशक पासवर्ड तपासत नाही. 'हा आमचा माणूस' असं विद्यापीठाने सांगितलं की दार उघडतो. विद्यापीठांच्या सामायिक वायफाय व्यवस्थेचं, एज्युरोमचंही तसंच: पाहुणा दुसऱ्या कॅम्पसवर वायफाय लावतो आणि त्याची ओळख त्याचं मूळ विद्यापीठ पटवतं. पास होऊन गेलेल्याचं खातं मूळ विद्यापीठाने बंद केलं नाही, तर दुसरं कॅम्पस त्याला आत घेतच राहतं, कारण त्याच्यापाशी तपासायला दुसरी यादीच नसते.